गरम पाण्याचीच धार बारीक का होते?

हिंगोली, वसमत, कळमनुरीत भाड्याच्या घरांत थंडी पडली की एक तक्रार हमखास ऐकू येते. गार पाण्याचा नळ धो-धो वाहतो, गिझरच्या नळाला मात्र करंगळीएवढी धार. घरमालक म्हणतात, टाकी उंच करू. पण गार आणि गरम पाणी एकाच टाकीतून येत असेल आणि गार पाण्याला जोर असेल, तर टाकीचा दोष नाही.

गच्चीवरून पाणी उंचीच्या बळावर उतरतं. १० मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब मिळतो. पाण्याची पातळी शॉवरपेक्षा २ मीटर वर असेल तर दाब पाव किलोही भरत नाही. टाकी आणखी १ मीटर उचलली की दाब दीडपट होतो, पण प्रवाह वाढतो दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने, म्हणजे साधारण २२ टक्केच. उलट पाइपचा आतला व्यास निम्मा झाला, तर तेवढ्याच दाबाला पाणी जवळपास सहाव्या हिश्श्यावर येतं. खरं नुकसान इथे आहे.

ही वाट चोंदवतं बोअरचं जड पाणी. बेसाल्टच्या भेगांतून मुरताना त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम उतरतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं. पाणी तापलं की त्यातलं बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टणक पांढरा थर मागे राहतो. जुन्या तांब्याच्या बंबात बसायचा तोच. तो गार पाण्याच्या पाइपात फारसा धरत नाही, गिझरमध्ये आणि त्याच्या पुढच्या वाटेवर धरतो.

म्हणून आधी गिझरकडे जाणारा कॉक पूर्ण उघडा आहे का ते बघा. मग नळाची आणि शॉवरची जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजत घाला. बुडबुडे आले तर क्षारच आहे. गिझर आतून साफ करायचं काम मात्र वीज तोडून जाणकारानेच करावं. थर्मोस्टॅट ५०-५५ अंशांवर ठेवला तर थर सावकाश बसतो. पंप बसवून हा थर निघत नाही.

खर्च कुणाचा? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे, तिथे घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी कलम १४ नुसार घरमालकाची आहे. गिझर मालकाचा असेल, तर तो कोण आणि कधी साफ करणार हे करारातच लिहून घ्यावं.