मोठ्या चाकाचा हिशेब

आजचा विषय कित्येकांस थोडा चमत्कारिक वाटेल. ज्यानें सारें आयुष्य फळ्यावर त्रैराशिकें मांडण्यांत घालविलें, त्या मॅट्रिक झालेल्या शाळामास्तरानें मोटारीच्या टायरांवर काय बोलावें? परंतु ज्या प्रसंगानें मला या विषयाकडे ओढलें, त्यांत मोटार थोडी होती आणि त्रैराशिकच अधिक.

आमचा हिंगोली जिल्हा हळदीचा. हिंगोली व वसमत येथील बाजारांत येणारी हळद आपणांपैकीं पुष्कळांच्या मसाल्याच्या डब्यांत असेल. ती काढणें, उकडणें, वाळविणें व ढोलांत घोळून चकचकीत करणें, यांतच आमचा उन्हाळा सरतो. आणि शेवटचीं पोतीं घराबाहेर पडेपर्यंत मृगाच्या सरी दाराशीं येऊन उभ्या राहतात. सडका आतां बऱ्या झाल्या आहेत. पण शेतापासून सडकेपर्यंतची पांदण काळ्या मातीची ती काळ्या मातीचीच. ही माती उन्हांत भेगाळते, पाणी प्याली कीं फुगते, आणि चाकास एकदां बिलगली कीं सुटतां सुटत नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी कर्ज काढून घेतलेल्या पिकअप गाडीवर अशी हळद वाहतो. एका पावसाळ्याच्या तोंडीं त्याची भरली गाडी पांदणींत रुतली. ट्रॅक्टर येईपर्यंत पावसानें कांहीं पोतीं भिजविलीं, आणि भिजलेल्या हळदीस कोण भाव देतो? आठ-पंधरा दिवसांनीं तो माझ्याकडे आला.

"गुरुजी, टायर मोठे असते तर गाडी रुतली नसती, असें सगळे म्हणतात."

"मग टाकलेस कीं काय?"

"मागचे दोन टाकले. म्हणूनच आलों."

बाहेर जाऊन पाहिलें, तों एका टायरच्या कुशीवर कोंबडीच्या अंड्याएवढा फुगा आलेला. आंतील दोरे तुटले म्हणजे असा फुगा येतो, आणि तो टायर भरल्या गाडीखालीं केव्हां फुटेल याचा नेम नसतो. गाडींत माझा विद्यार्थी, त्याच्या शेजारीं त्याचा धाकटा भाऊ. मीं ती गाडी त्या दिवशीं अंगणांतून हलूं दिली नाहीं.

टायरच्या कुशीवर एक अक्षरांची ओळ असते. बहुतेक लोक ती न वाचतांच पैसे मोजतात. त्याच्या जुन्या टायरवर २१५/७५ आर १५ असें होतें व नव्यांवर २३५/७५ आर १५. पहिला आंकडा रुंदीचा, मिलिमीटरांत. दुसरा शेकडेवारी, कुशीची उंची रुंदीच्या शेंकडा ७५ आहे, असा त्याचा अर्थ. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ हा रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळींत मिलिमीटर, शेकडेवारी व इंच! माझ्या वर्गांत कोणी असें लिहिलें असतें तर मीं वही परत केली असती.

आतां गणित करूं. २१५ चे शेंकडा ७५ म्हणजे १६१ मिलिमीटर. वरची व खालची मिळून ३२२. त्यांत रिमचे ३८१ मिळवले कीं चाकाची उंची सुमारें ७०३ मिलिमीटर होते. मोठ्या टायरची याच रीतीनें ७३३ येते. वाढ ३० मिलिमीटरांची. पण आंस जमिनीपासून उचलला जातो तो तिच्या निम्म्यानें, म्हणजे १५ मिलिमीटर. बोटाच्या रुंदीएवढी ही उंची! पांदणीच्या चाकोऱ्या वीतभर खोल असतात.

आणि या बोटभर उंचीची किंमत काय? चाक शेंकडा सव्वाचारांनीं मोठें झालें. तितकाच गिअरचा जोर चाकाच्या कडेशीं कमी पडतो. चिखलांतून निघतांना जेथें जोर हवा तेथेंच क्लच जळूं लागतो. ब्रेकची पकडही तितकीच ढिली पडते. वेगाचा कांटा ६० दाखवितो तेव्हां गाडी साडेबासष्टच्या सुमारास धांवत असते, आणि १०० किलोमीटर चालून गेल्यावर मापक ९६ च सांगतो. "गाडी डिझेल जास्त पिऊं लागली," ही त्याची तक्रार थोडी खरी होती व थोडी या मापकाची लबाडी होती.

रुंद टायर चिखलांत तरंगतो, ही समजूत मात्र सर्वथा खोटी नाहीं. ती अर्धी आहे, आणि फसगत होते ती येथेंच. टायर जमिनीवर जो दाब देतो, तो जवळजवळ आंतील हवेच्या दाबाएवढाच असतो. एका चाकावर ९०० किलो भार असेल आणि हवा दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोची असेल, तर जमिनीस टेकणारा भाग सुमारें २५७ चौरस सेंटिमीटर होणार; मग टायर अरुंद असो वा रुंद. रुंद टायरनें त्या ठशाचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसें नाहीं. ठसा खरोखर वाढवावयाचा तर हवा कमी करावी लागते, आणि भरल्या गाडीची हवा कमी करून सडकेवर धांवणें म्हणजे टायर तापवून फाडणें होय. शिवाय चिखल वरवरचा असून खालीं मुरूम असेल, तर अरुंद टायरच तो कापून घट्ट जमिनीस लागतो.

त्या फुग्याचें कारण यांपैकीं कोणतेंच नव्हतें. मापानंतर टायरवर आणखी एक आंकडा असतो, तो भारनिर्देशांक. १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १,०००. त्याचे नवे टायर प्रवासी मोटारीचे होते. आंकडा १०० चा. मागच्या आंसावर १,८०० किलो पडले, तर एकेका चाकास ९०० पेलावे लागतात. दिसावयास धिप्पाड, पण अंगांत बळ कमी! दुकानदारानें रुंदी दाखविली, हा आंकडा दाखविला नाहीं. आणि आमच्या शिष्यानें विचारला नाहीं. एका लंबगोलांत चार आंकडे असतात, त्यांवरून टायर कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यांत झाला तें कळतें. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तेही आम्ही वाचलें, आणि 'नवे' टायर कित्येक वर्षांचे जुने निघाले.

आणखी एक अडचण आम्हां काळ्या मातीवाल्यांचीच. मोकळ्या गाडींत मोठें चाक मडगार्डाखालीं छान फिरतें. पण माल भरला, पाटे दबले, आणि उरलेल्या फटींत ही माती ठासून बसली, म्हणजे चाक घासूं लागतें. लहानपणीं वडिलांच्या बैलगाडीच्या आऱ्यांत अडकलेला चिखल मी काठीनें काढीत असें. लोखंडी धावेची ती गाडी निदान मडगार्डावांचून होती. स्टेपनी जुन्या मापाची राहिली, तर तीही उपयोगाची नाहीं. मागें एका बाजूस लहान व एका बाजूस मोठें चाक घालून दूर गेल्यास डिफरन्शियलचे दांते झिजतात.

कायद्याचेंही पाहावें लागतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत असा बदल गाडींत करूं देत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही, प्रकरण गाडीच्या बांधणीचें असलें तरी, हेंच बजाविलें. त्याच नमुन्याच्या गाडीस कारखान्यानें जीं मापें मान्य केलीं आहेत, तेवढ्यांतच निवड करावी. अपघात झाल्यावर विमेवाला प्रथम अशाच गोष्टीवर बोट ठेवतो.

शेवटीं आमच्या शिष्यानें ते दोन्ही टायर टाकून दिले. पैसे बुडाले ते बुडालेच. त्यानें मूळ मापाचेच, १०८ आंकड्याचे टायर घेतले, आणि मागच्या दोन चाकांस खोल नक्षीचे. ही नक्षी ओल्या डांबरी सडकेवर गुरगुरते व थांबावयास थोडें अधिक अंतर घेते, हें मीं त्यास सांगून ठेवलें आहे. पावसाळ्यांत तो आतां पांदणींतून अर्धींच पोतीं आणतो, सडकेच्या कडेला ताडपत्रीखालीं उतरवितो, आणि दुसऱ्या खेपेस उरलेलीं घेऊन मग सारा माल एकदम बाजारास नेतो. धाकटा भाऊ तोंवर पोत्यांवर बसून राहतो.