‘बांधलेला फुगा’ : एका बल्गेरियन बोलपटाचा परिचय

युद्धाचा बोलपट म्हटला कीं तोफांचा गडगडाट आणि धारातीर्थीं पडलेले वीर डोळ्यांपुढें उभे राहतात. बल्गेरिया देशांत १९६७ सालीं निघालेल्या ‘बांधलेला फुगा’ या बोलपटांत मात्र महायुद्ध येतें तें एका फुग्याच्या रूपानें, आणि प्रेक्षकास प्रथम हंसूंच येतें. सुप्याच्या वाचकांस त्याचा परिचय करून देण्याचें कारण पुढें ध्यानांत येईल.

हा फुगा जत्रेंतला नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत मोठमोठ्या शहरांवर असे प्रचंड फुगे हलक्या वायूनें भरून पोलादी दोरांनीं आकाशांत बांधून ठेवीत. दोरास आपटून विमान मोडेल या भयानें शत्रूचा वैमानिक फार खालीं उतरत नसे, आणि उंचावरून त्याचा नेम चुके. असाच एक फुगा दोर तोडून वाहत वाहत एका डोंगराळ खेड्यावर येतो. गांवकरी आधीं घाबरतात. मग कोणाच्या तरी मनांत येतें कीं अरे, हें तर नुसतें कापड! झालें, सारा गांव हातीं सांपडेल तें घेऊन फुग्यामागें रानोमाळ धांवत सुटतो. शेजारच्या गांवासही त्याचा मोह पडतो. शेवटीं सशस्त्र पोलीस येतात, फुग्याचा निकाल लावतात, आणि आपलें हंसणें कोठल्या कोठें विरून जातें.

ही कथा योर्दान रादिच्कोव्ह यांची. त्यांचें जन्मगांव पुढें धरणाच्या पाण्याखालीं गेलें. उजनीचें पाणी पाहिलेल्या इंदापूरकरांस याचा अर्थ सांगावयास नको. दिग्दर्शिका बिंका झेल्याझ्कोव्हा या तरुणपणीं फॅसिस्ट सत्तेविरुद्धच्या लढ्यांत होत्या. तरीही त्यांच्याच विचाराच्या म्हणविणाऱ्या साम्यवादी सरकारनें हा बोलपट थोड्याच दिवसांत बंद केला.

फुग्यामागें धांवणाऱ्या भोळ्या खेडुतांचें सरकारास एवढें भय कां वाटावें? याचें उत्तर सुप्यास ठाऊक असलें पाहिजे. १२ मे १८७५ रोजीं याच सुप्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचीं दुकानें व घरें गांठलीं. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत चढलेला कापसाचा भाव तें युद्ध संपतांच कोसळला होता, सारा वाढला होता, आणि कर्ज तेवढें वाढत राहिलें होतें. जमावाचा रोख माणसांच्या जिवावर फारसा नव्हता. त्यांस कर्जरोखे व वह्या हव्या होत्या, आणि त्यांनीं त्या जाळल्या. त्या कागदांत किती पिढ्यांचा घाम होता! दंगा पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला, फौज आली, चौकशी बसली, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. एरवीं वेगळीं वेगळीं वांकणारीं माणसें एका दिशेनें चालूं लागलीं कीं राज्यकर्त्यांची झोंप उडते, मग तें पाऊल कर्जरोख्यासाठीं पडो कीं सदऱ्याच्या कापडासाठीं.

दोहोंत भेद आहेच. सुप्याचें दुःख खरें होतें आणि त्यास उशिरा कां होईना कायद्यानें कांहीं उत्तर दिलें. चित्रांतील गांवकऱ्यांस तेवढेंही मिळत नाहीं. आमच्या मतें बाईंचें धैर्य येथेंच दिसतें : त्यांनीं गोड शेवट जोडला नाहीं.

त्यांचे आणखीही बोलपट असेच अडविले गेले. १९८९ सालीं ती राजवट ढांसळली तेव्हां त्या साठीच्या पुढें गेल्या होत्या.