‘रिमूव्ह’ म्हणजे नुसते काढणे नव्हे

आपल्या मराठीत ‘काढणे’ हा शब्द मोठा कामसू आहे. आपण चपला काढतो आणि रांगोळीही काढतो. डाग काढतो, कर्ज काढतो, फोटो काढतो, वेळप्रसंगी भांडणही उकरून काढतो. म्हणजे एकाच क्रियापदाने वस्तू नाहीशी होते आणि नवी तयारही होते. म्हणूनच मुले इंग्रजी लिहिताना फसतात आणि रांगोळीलाही ‘रिमूव्ह’ लावतात. तसे केले तर रांगोळी पुसली जाईल! इंग्रजीतील ‘रिमूव्ह’ फक्त दूर करते, काही घडवत नाही. त्याच्या जोडीला बहुधा ‘फ्रॉम’ येतो, कारण कोठून दूर केले ते सांगावे लागते. सदऱ्यावरून डाग, टेबलावरून फाईल. कागदावरचे किंवा यादीतले नाव गाळले, तर तेथे ‘डिलीट’ जास्त शोभते.

वस्तूंपुरते हे ठीक आहे. हेच क्रियापद माणसाला लागते तेव्हा मात्र घरातल्या प्रत्येकाने ते समजून घ्यावे. सरकारी नोकरीत शिक्षेचे दोन शब्द शेजारी शेजारी उभे आहेत, ‘रिमूव्हल’ आणि ‘डिसमिसल’. वस्तीत दोन्हींना आपण एकच म्हणतो, “त्याला नोकरीवरून काढला.” नियमांत मात्र पहिल्याला ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि दुसऱ्याला ‘बडतर्फ करणे’ म्हटले आहे. महाराष्ट्राच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे, काढून टाकलेला माणूस पुढे पुन्हा सरकारी नोकरीला अपात्र ठरत नाही. बडतर्फ झालेला सर्वसाधारणपणे अपात्र ठरतो. पेन्शनच्या बाबतीत दोन्हींचा घाव सारखाच, मागची सेवा जप्त होते. तिसरा शब्द ‘कंपल्सरी रिटायरमेंट’. तीही शिक्षाच, पण तिच्यात पेन्शनचा मार्ग राहतो. एका शब्दाने तीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब बदलतो, म्हणून पत्र आले की रडारड करण्याआधी त्यातले क्रियापद शोधावे.

दुसरे पाहायचे ते सही कोणाची आहे. राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाप्रमाणे केंद्र किंवा राज्य सरकारच्या नागरी सेवेतील माणसाला, ज्याने नेमले त्याच्याहून खालच्या अधिकाऱ्याला काढून टाकता येत नाही की बडतर्फ करता येत नाही. दोषारोप कळवून, चौकशी करून, म्हणणे मांडण्याची वाजवी संधीही द्यावी लागते. याला काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झालेली असणे. नगरपालिका, महामंडळे आणि खाजगी कारखाने यांना हे कलम लागू नाही. तेथे त्यांचे स्वतःचे नियम आणि कामगार कायदे पाहावे लागतात. गंमत म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशालाही घटनेने ‘रिमूव्ह’ हेच क्रियापद लावले आहे, फक्त तेथे संसदेच्या दोन्ही सभागृहांचा ठराव लागतो.

घटनाकारांनी अस्पृश्यतेसाठी मात्र हे क्रियापद वापरले नाही. स्वातंत्र्यापूर्वी काँग्रेसच्या कार्यक्रमात ‘रिमूव्हल ऑफ अन्टचेबिलिटी’ असे लिहिले जाई. बाबासाहेबांनी १९३६ साली आपल्या ग्रंथाच्या नावात जातीसाठी ‘अ‍ॅनिहिलेशन’ हा शब्द घेतला, म्हणजे समूळ नाश. घटनेच्या १७ व्या कलमात ‘अबॉलिश्ड’ हा शब्द आला. ‘रिमूव्ह’ केलेली वस्तू दुसरीकडे ठेवता येते, उद्या परत आणता येते. ‘अबॉलिश’ केलेल्या प्रथेला कायद्यात जागाच उरत नाही. मुलांना हा फरक समजावताना व्याकरणाचे पुस्तक नाही उघडले तरी चालेल, घटनेचे पुस्तक उघडावे.

आणि ज्यांच्या घरी असे पत्र खरोखरच आले असेल, त्यांनी पाकीट फेकू नये. सरकारी सेवेत अपिलाची मुदत साधारणपणे ४५ दिवसांची असते, आणि ती आदेशाची प्रत हातात पडल्यापासून मोजतात. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का तेव्हा कामी येतो.