कौलांच्या जागी ऊन

ठाण्याच्या खारकर आळीत किंवा कल्याणच्या पारनाक्याला एखादं कौलारू घर अजून दिसलं, तर मान वर करून त्याचं छप्पर बघा. मधे आढं, दोन बाजूंना दोन पाखी, खाली वासे आणि रिपा. हा उतार पावसासाठी काढलेला, पण तो उन्हालाही किती सोयीचा आहे! मेच्या मध्यात सूर्य ठाण्याच्या बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलै अखेरपर्यंत भर दुपारी तो चक्क उत्तरेकडे असतो. म्हणजे दक्षिणेचं पाखं बाकी वर्षभर कमावतं आणि उत्तरेचंही उन्हाळ्यात रिकामं बसत नाही.

एकात्म सौर छपरात पॅनेल छपरावर बसवत नाहीत. पॅनेल हेच छप्पर असतं. नवी मुंबईत कंट्रोल-एसच्या डेटा सेंटरच्या भिंतीच अशा वीज देतात. काचेखालच्या सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज वाहू लागते. काही हलत नाही, काही जळत नाही. 1954 साली बेल प्रयोगशाळेतला सिलिकॉनचा घट जेमतेम 6 टक्के ऊन विजेत बदलायचा. आजची पॅनेलं 20 टक्क्यांच्या वर गेली आहेत.

मला सर्वांत थक्क करतं ते वजन. मंगळुरी कौलं चौरस मीटरला पस्तीस किलोंच्या घरात जातात. तेवढ्याच जागेतलं साधं पॅनेल बारा-पंधरा किलोंचं. जुन्या वाशांचा भार निम्म्याहून कमी होतो! मात्र कौलं जागेवर राहतात ती त्या वजनामुळेच. वादळी वारा छप्पर वर ओढतो, म्हणून हलकं छप्पर वाशांना आणि वासे भिंतींना पक्के जखडावे लागतात.

कौलांचं आणखी एक काम सहज विसरलं जातं. त्यांच्या फटींतून गरम हवा निसटते. सौर घट 25 अंशांच्या वर दर अंशाला 0.3 ते 0.4 टक्के वीज गमावतो. मे महिन्यात पॅनेल 65 अंशांवर गेलं तर सातवा हिस्सा गेलाच. म्हणून पॅनेलाखाली मोकळी पोकळी हवी : वळचणीतून हवा आत, आढ्यातून बाहेर. आणि पोकळीच्या खाली पाणी अडवणारा आणखी एक थर, कारण इथला पाऊस एकही सांधा माफ करत नाही.

तीन किलोवॉटला पंधरा-सोळा चौरस मीटर जागा पुरते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला बाराएक युनिट मिळतात. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे आणि अशी एकात्म छपरंही त्यात बसतात. पण अर्ज भरण्याआधी जाणत्या सुताराला वर चढवा आणि प्रत्येक वासा ठोकून बघायला सांगा. वाळवी लागलेले वासे आधी बदला, पॅनेलचं नंतर बघा.