'अँटहिल' आणि वारूळ

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला 'अँटहिल' या शब्दाचा अर्थ विचारला, तर तो तत्काळ 'वारूळ' असें सांगेल, आणि शिक्षकही त्याला पूर्ण गुण देतील. परंतु हा अर्थ अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायीं क्वचित् घराचे वासे पोखरले जाण्याची पाळी येते.

शब्दाची फोड सोपी आहे. 'अँट' म्हणजे मुंगी व 'हिल' म्हणजे टेकडी. इंग्लंडांतील रानांत तांबूस मुंग्या पाइनच्या सुया व काटक्या रचून ढीग करतात. तेथील जुन्या कुरणांत पिवळ्या मुंग्या माती वर आणतात व तिच्यावर गवत उगवून लहानसा उंचवटा होतो. हीं दोन्ही मुंग्यांचींच घरें. तेव्हां त्या देशांत शब्द आणि वस्तु यांचा मेळ उत्तम बसतो.

मुंगीला त्या भाषेंत आणखीही नांवें आहेत. 'एमेट' हें 'अँट'चेंच जुनें रूप. कॉर्नवॉलमध्यें उन्हाळ्यांत झुंडीनें येणाऱ्या प्रवाशांना स्थानिक लोक याच नांवानें चिडवतात. 'पिस्मायर' हें दुसरें नांव शिष्टसंमत नाहीं, कारण त्याचा पूर्वार्ध मूत्रवाचक आहे. तांबड्या मुंग्यांच्या ढिगाला फॉर्मिक आम्लाचा उग्र दर्प येतो, त्यावरून तें पडलें. मात्र त्याचा उत्तरार्ध 'मायर' कुलीन आहे. लॅटिन 'फॉर्मिका' आणि वेदांतील 'वम्री' हे त्याचेच आप्त असें भाषाशास्त्रज्ञ मानतात.

गोंधळ सुरू झाला तो इंग्रज उष्ण देशांत आल्यावर. हिंदुस्थानांत, आफ्रिकेंत आणि ऑस्ट्रेलियांत त्यांना पुरुषभर उंचीचे मातीचे मनोरे दिसले. त्यांनीं त्यांनाही 'अँटहिल' म्हटलें, आणि आंतील रहिवाशांना 'व्हाइट अँट', म्हणजे पांढरी मुंगी, असें नांव दिलें. वस्तुतः वाळवी ही मुंगीच नव्हे. मुंगीचे भाऊबंद गांधीलमाशी व मधमाशी. वाळवीचें नातें झुरळाशीं. २००७ सालच्या संशोधनानंतर तर तिला झुरळांच्या गणांतच घालण्यांत आलें. मुंग्यांचे नर मीलनानंतर लौकरच मरतात. वाळवीचा राजा मात्र राणीजवळ जन्मभर नांदतो. आपल्याकडील मोठीं वारुळें बांधणारी वाळवी तर आंत बुरशीची बाग करून तिच्यावर पोट भरते.

इतकें कळूनही शब्द बदलला नाहीं. चिनुआ अचेबे यांच्या १९८७ सालच्या कादंबरीच्या नांवांत 'अँटहिल'च आहे, पण ती टेकडी आफ्रिकेंतील वाळवीची. शास्त्रीय लेखनांत मात्र वाळवीच्या वारुळाला 'टर्माइट माउंड' म्हणण्याची शिस्त पाळतात.

या बाबतींत मराठी शब्द अधिक शहाणा म्हटला पाहिजे. 'वारूळ' हा शब्द बांधणाऱ्याचें नांवच घेत नाहीं. तें मुंगीचें असो कीं वाळवीचें. आपण नागपंचमीला ज्याची पूजा करतों, तेंही नागानें बांधलेलें नसतें. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण उगीच पडली नाहीं. पण वाल्मीकीची कथा इंग्रजी पुस्तकांतून वाचून मुलें ऋषीभोंवतीं काळ्या मुंग्या काढूं लागलीं, म्हणजे परका शब्द डोळ्यांवरही कसा पडदा टाकतो तें दिसतें.

घरांत याचा परिणाम पहिल्या पावसांत दिसतो. दिव्याभोंवतीं पंखांचे किडे जमतात. 'मुंग्यांना पंख फुटले' असें म्हणून गृहिणी उंबऱ्यावर हळदीची चिमूट टाकते व स्वस्थ बसते. अशा वेळीं एक किडा उचलून पाहावा. कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वांकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांहून मोठे असतील, तर ती मुंगी. कंबर जाड, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या आणि चारही पंख सारख्याच लांबीचे असतील, तर ती वाळवी. मग हळदीवर न थांबतां चौकटी ठोकून पाहाव्या, पुस्तकांचीं कपाटें भिंतीपासून ओढावीं, आणि मातीची बारीक नळी कोठें वर चढली आहे काय, तें जोत्यापासून शोधावें.