‘आमचा चावत नाही हो!’ पण मेंढ्यांना हे कोण सांगणार?

दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघतं, शेतं रिकामी होतात आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली, मेहकर, मोताळ्याच्या शिवारात धनगरांचे कळप दिसू लागतात. अनेकदा शेतकरीच त्यांना बोलावतो. रात्री मेंढ्या शेतात बसवल्या की लेंडीखत थेट जमिनीत पडतं आणि मेंढपाळाला त्याबदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात.

नेमक्या याच थंडीच्या दिवसांत शहरातली मंडळी पाळीव कुत्र्याला घेऊन सकाळी गावाबाहेर फिरायला निघतात. मोकळं रान दिसलं की गळ्यातला पट्टा सुटतो. समोरून मेंढपाळ ओरडला तर उत्तर ठरलेलं असतं, “आमचा चावत नाही हो!”

न चावताही नुकसान कसं होतं?

मेंढीकडे बचावाचा एकच मार्ग आहे, पळणं. कुत्रा खेळायला आलाय की मारायला, हे तिला कळत नाही. एक उधळली की सगळा कळप उधळतो. वाटेत काटेरी कुंपण किंवा बिनकठड्याची विहीर आली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. कोपऱ्यात अडकलेल्या मेंढ्या एकमेकींखाली गुदमरूनही मरतात.

मेंढीचा गाभणकाळ सुमारे 5 महिन्यांचा असतो. शेवटच्या टप्प्यात धावपळ आणि भीतीमुळे ती गाभडू शकते. हे लगेच दिसेलच असं नाही, काही दिवसांनीही घडतं. तोवर कुत्र्याचा मालक घरी पोहोचून सगळं विसरलेला असतो.

भरपाई मिळते का?

ज्ञानगंगा अभयारण्याच्या आसपास बिबट्याने मेंढी मारली, तर पंचनामा होऊन वन विभागाकडून भरपाई मिळू शकते. पाळीव किंवा गावातल्या कुत्र्याने मारली तर या योजनेतून काहीच मिळत नाही. मग मालकाशी वाद घालायचा किंवा गावात बसून तोडगा काढायचा. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजार रुपयांपर्यंत दंड सांगतं, पण ते माणसाला असलेल्या धोक्यापुरतं आहे. उलट रागाच्या भरात कुणी त्या कुत्र्याला विष घातलं, तर कलम 325 खाली 5 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे मेंढी गमावलेला माणूसच आरोपी व्हायचा.

विष्ठेचं काय?

हा भाग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून ‘निओस्पोरा’ नावाचा परजीवी चाऱ्यावर जातो आणि तो खाल्लेल्या गाई-म्हशी गाभडू शकतात. कुत्र्याला याची लागण गाभडलेलं वासरू किंवा जार खाल्ल्याने होते. म्हणून कडब्याच्या गंजीजवळ कुत्रा बसवायचा नाही आणि त्याची विष्ठा पिशवीत उचलायची. पशुपालकांनीही जार उघड्यावर न टाकता खोल पुरावा. कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचं औषध आणि रेबीजची लस हवीच. रेबीज झालेल्या कुत्र्याचा चावा गाईलाही तितकाच जीवघेणा असतो.

मग फिरवायचं कसं?

कळप दिसण्याआधीच दोरी आखूड धरा. दिसल्यावर मेंढपाळाला हाक मारा, तो सांगेल त्या बाजूने लांबून वळसा घ्या. कळप रस्त्यावरून येत असेल तर बाजूला होऊन थांबा. मेंढपाळाचे कुत्रे राखणीला असतात, त्यांच्याशी आपल्या कुत्र्याची ‘ओळख’ करून द्यायला जाऊ नका.

गाय आणि तिच्या वासराच्या मध्ये तर कधीच जायचं नाही. गाय अंगावर आलीच तर दोरी सोडून द्या. तिचा राग कुत्र्यावर असतो आणि कुत्रा तुमच्यापेक्षा जोरात पळतो. दोरी धरून ठेवणारा माणूसच मध्ये सापडतो.

आणि कुत्रा चावलाच तर निघून जाऊ नका. जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवायला सांगा, पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक लावा आणि मेंढपाळाला आपला फोन नंबर देऊन ठेवा.