पान्हा: कासेतला आणि मेंदूतला

कोल्हापुरात राहून गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला नाही, असा माणूस विरळा. भोवती रिक्षा, हॉर्न, गिऱ्हाईकांची दाटी, आणि मधे म्हैस निवांत रवंथ करत उभी. ग्लासापुरती धार काढायची, थांबायचं, पुढचं गिऱ्हाईक आलं की पुन्हा कासेला हात लावायचा. आपल्याला यात नवल वाटत नाही. पण शरीरशास्त्राच्या दृष्टीनं हे चांगलंच कोडं आहे.

कोडं असं, की म्हशीच्या कासेत तयार दूध साठून राहायला जागा फार थोडी. गाईच्या एकूण दुधापैकी साधारण पाचवा हिस्सा सडांच्या वरच्या पोकळीत असतो. म्हशीत तो जेमतेम पाच टक्के. बाकीचं दूध वर, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पिशव्यांत अडकलेलं. नुसतं ओढून ते येत नाही. रेडकू ढुसण्या देतं, जीभ लावतं, किंवा ओळखीचा हात कास चोळतो. ती जाणीव मज्जातंतूंतून मेंदूत पोचते आणि तिथून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं. ते कासेत आलं की त्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळतात आणि दूध खाली उतरतं. आपण म्हणतो, म्हैस पान्हवली. सरावलेल्या जनावराला तर बादलीचा आवाज किंवा आंबोणाची घमेली दिसली तरी पुरते.

आता हा पान्हा टिकतो किती? रक्तातलं ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच ओसरतं. म्हणजे कट्ट्यावरची म्हैस थोड्या थोड्या वेळानं नव्यानं पान्हवते, तेही भर रस्त्यात.

हे नवल का, ते १९४१ सालच्या एका प्रयोगावरून कळेल. अमेरिकेत एली आणि पीटरसन या दोघांनी दूध काढायच्या वेळी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि कागदी पिशव्या फोडून आवाज केले. गाय बिचकली आणि दूध अडलं. भीतीनं सुटणारं ॲड्रेनलिन पान्ह्याच्या आड येतं, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. (त्या मांजराचं काय झालं, हे आम्हाला नेहमी विचारावंसं वाटतं.) गवळी हेच दोन शब्दांत सांगतो: 'पान्हा चोरला.' कट्ट्यावरची म्हैस तो चोरत नाही, कारण तिच्या लेखी तो गोंगाट रोजचा आणि हात घरचा. दिवाळीत इथल्या सजवलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलमागं धावतात, ते पाहिलं की ही ओळख किती पक्की असते ते समजतं. त्यात पंढरपुरी म्हैस सहज पान्हवणारी म्हणून नावाजलेली.

मग रेडकू दगावलं तर? तिथं इंजेक्शनचा मोह होतो. सुईतून ऑक्सिटोसिन दिलं की म्हैस घाबरलेली असो की हाताला लागत नसलेली, दूध उतरतं. दुधातून ते आपल्या पोटात जाईल का, हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानात येतो. ते नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी आहे, पोटात पचून जातं. आमची तक्रार म्हशीच्या बाजूनं आहे. रोज सुई घेणारं जनावर पुढं सुईशिवाय नीट पान्हवत नाही. अपायकारक इंजेक्शन देऊन दूध वाढवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हाही आहे.

आणखी एक गोष्ट. रक्तातलं ऑक्सिटोसिन मेंदूत जवळजवळ शिरत नाही. मेंदू स्वतःपुरतं वेगळं सोडतो, आणि माया तिथं जागते. १९८७ साली इंग्लंडमध्ये केंड्रिक आणि केव्हर्न यांच्या गटानं गाभण नसलेल्या, पण इस्ट्रोजेन देऊन तयार केलेल्या मेंढ्यांच्या थेट मेंदूत ऑक्सिटोसिन सोडलं, तेव्हा त्या परक्या कोकराला चाटू लागल्या. सुईनं जे मिळतं ते नुसतं कासेचं आवळणं. दूध येतं, जवळीक येत नाही.

वर्तमानपत्रं याला 'प्रेमाचं संप्रेरक' म्हणतात, ते आम्हाला पटत नाही. नुकती व्यालेली मेंढी तासा-दोन तासांत आपल्या कोकराचा वास पक्का करते, आणि नंतर दुसऱ्याचं कोकरू लुचायला आलं तर त्याला धडक देऊन हाकलते. एकाला जवळ घेणं आणि दुसऱ्याला दूर लोटणं, दोन्ही त्याच काळात घडतं.

म्हणून रेडकू गेलेल्या म्हशीपाशी जाणता गवळी घाई करत नाही. रोज तीच वेळ, तोच माणूस. आधी पुढ्यात आंबोण, मग कोमट पाण्यानं कास धुणं आणि दोन-तीन मिनिटं नुसतं चोळणं. सड टपटपीत भरले की मगच तो बादली गुडघ्यांत धरतो.